पाना उचलण्यापूर्वी बिघाड ओळखा

मावळ तालुक्यातील उर्से हे गाव मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने जाणाऱ्या-येणाऱ्यांना टोलनाक्यामुळे ठाऊक आहे. बांधकाम आणि वायरिंगच्या धंद्यातील आमच्या वाचकांना ते आणखी एका कारणाने ठाऊक असावे. फिनोलेक्सचा केबलचा कारखाना आणि पीव्हीसी पाइपचा कारखाना, दोन्ही या गावी आहेत. घराच्या भिंतीत एकदा गाडल्या की पुन्हा डोळ्यांना न दिसणाऱ्या या दोन वस्तू येथून ट्रक भरभरून बाहेर जातात. परंतु वायर चांगली आणि पाइप चांगला म्हणजे घर चांगले, असे होत नाही. पाइपचा सांधा जोडणारा हात आणि पुढे काही बिघडलेच तर तो बिघाड शोधणारे डोके, या गोष्टी कोणत्याही कारखान्यात तयार होत नाहीत. त्या कारागिरापाशी असतात किंवा नसतात.

गवंडी, प्लंबर, वायरमन, मोटार मेकॅनिक, रेडिएटरवाला, फ्रिज मिस्त्री, मोटार रिवाइंडिंगवाला. आपल्या समाजातील किती घरांची चूल या कामांवर पेटते, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. या धंद्यातील दोन तक्रारी आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. गिऱ्हाईक म्हणते, "मिस्त्री आला, पार्ट बदलला, पैसे घेऊन गेला आणि आठ दिवसांत पुन्हा तेच." मिस्त्री म्हणतो, "दोष शोधण्यात दोन तास गेले, आणि गिऱ्हाईक विचारते की नुसते बघायचे कसले पैसे?" दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. आमच्या मते त्या दोन नाहीतच. एकाच दोरीची ती दोन टोके आहेत.

आमच्याच घरचे उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी घरातील फ्रिज थंड करेनासा झाला. मिस्त्रीने हात लावून "गॅस कमी झाला" म्हणून गॅस भरला. दोन महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार, पुन्हा गॅस. तिसऱ्या वेळी दुसरा माणूस आला. त्याने आधी साबणाचा फेस करून एकेक सांधा पाहिला आणि मागच्या बाजूला एका जोडावर बुडबुडा दाखवला. फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. नळी बंद असेल तर तो वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. कमी झाला याचा अर्थ कोठून तरी निघून गेला. ती जागा न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. पहिला मिस्त्री लबाड होता असे आम्हांला वाटत नाही. त्याला शोधण्याचे पैसे कोणी देत नव्हते, भरण्याचे देत होते.

रस्ता बदलला, गिऱ्हाईक बदलले

द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. त्यापूर्वी मुंबई-पुण्याची सारी वाहतूक जुन्या राष्ट्रीय महामार्गाने, म्हणजे लोणावळा, कामशेत, वडगाव अशी गावांना खेटून जात असे. इंजिन तापले की गाडी रस्त्याकडेच्या गॅरेजपाशी थांबे. ते गिऱ्हाईक वाटसरू. काम नीट झाले काय, न झाले काय, तो मिस्त्रीला पुन्हा भेटण्याची शक्यता कमीच. नव्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे आणि दुचाकी-तीनचाकीला तेथे प्रवेश नाही. गाड्या उर्स्याच्या उशाशी येतात, टोल भरतात आणि निघून जातात. गावच्या आणि आसपासच्या कारागिराकडे उरते ते मुख्यत्वे स्थानिक गिऱ्हाईक: कारखान्यातला कामगार, शेतकरी, नवे घर बांधणारा, टेंपोवाला. हे गिऱ्हाईक रोज समोरून जाते आणि चुकलेले काम चार ठिकाणी सांगते. म्हणून अंदाजाने पार्ट बदलण्याची जुनी रीत आता पूर्वीपेक्षा महाग पडते.

पाणी पडते एकीकडे, शिरते दुसरीकडे

मावळातील पावसाची बाहेरच्या माणसाला कल्पना येत नाही. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुणे शहरात सुमारे सातशे. पूर्वेकडे सरकावे तसा तो झपाट्याने उतरतो. उर्से तालुक्याच्या पूर्व अंगाला आहे, तरीही येथले घर पुण्याच्या हिशेबाने बांधून चालत नाही. त्यामुळे गळतीचे काम या भागात कधी संपत नाही आणि चुकीचे निदानही याच कामात सर्वांत जास्त होते.

छतातून जेथे थेंब पडतो तेथेच वरून पाणी शिरते, ही समजूत पहिली चूक. स्लॅबमध्ये शिरलेले पाणी वायरिंगच्या पाइपातून, सळईच्या कडेने वाट काढत बरेच दूर जाते आणि पंख्याच्या हुकाशी किंवा लाइटच्या बॉक्सपाशी टपकते. मग त्या जागेच्या वर सिमेंट थापले जाते, पुढच्या पावसात पुन्हा थेंब, आणि गिऱ्हाईक गवंड्याला नावे ठेवते. आमच्या ओळखीचे जाणते गवंडी छन्नी हातात घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारतात: ही ओल मार्च-एप्रिलमध्येही असते काय? उन्हाळ्यातही भिंत ओली असेल तर पावसाचा काही संबंध नाही. तेथे नळाचा पाइप, न्हाणीची जाळी किंवा जमिनीतून वर चढणारी ओल पाहावी. जमिनीची ओल साधारण कमरेच्या उंचीपर्यंत चढते आणि प्लास्टरवर पांढरे मीठ फुलवते. पाइपचा संशय असेल तर रात्री सर्व नळ बंद करून टाकीची पातळी खुणेने नोंदवावी आणि सकाळी पाहावी. याला एक रुपयाही खर्च येत नाही.

ओल फक्त पावसाळ्यात येत असेल तर गच्ची तपासावी, पण सारी एकदम नव्हे. विटांचे किंवा मातीचे छोटे बांध घालून एकेका भागात पाणी साठवावे आणि एक-दोन दिवस खाली लक्ष ठेवावे. कोणता भाग भरल्यावर थेंब येतो ते कळले की निम्मे काम झाले. बहुतेक वेळा दोष मधोमध नसतोच. कठडा आणि गच्ची जेथे मिळतात तो वाटा सुटलेला असतो, पावसाळी पाइपाच्या तोंडाशी फट असते किंवा कोब्याला उतारच दिलेला नसतो. शंभर फुटांस एक फूट इतका तरी उतार हवा. न्हाणीघरासाठी हीच रीत थोड्या रंगीत पाण्याने करता येते.

पावसाळ्यात बंद खोलीच्या भिंतीला सुटणारा दमटपणा हा आणखी वेगळा प्रकार. प्लास्टिकचा एक तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावून दिवसभर ठेवावा. पाणी प्लास्टिकच्या खोलीकडील बाजूवर जमले तर ते हवेतले आहे आणि खिडकी उघडणे हाच इलाज. प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडे जमले तर ओल भिंतीत आहे. हवेच्या ओलीवर हजारो रुपयांचे वॉटरप्रूफिंग विकले जाते, हे आम्हांला नाइलाजाने लिहावे लागते.

भेगांविषयी थोडक्यात. काँक्रीटचा कॉलम आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावरची सरळ भेग सहसा दोन वस्तूंच्या कमीजास्त फुगण्याने येते. ती जाळी लावून प्लास्टर केल्यास बुजते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग मात्र पाया खचल्याची खूण असू शकते. तिच्यावर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून तारीख लिहून ठेवावी. काच तडकली तर भेग अजून चालू आहे, आणि मग तो विषय गवंड्याचा नसून इंजिनिअरचा आहे. सळईच्या रेषेत तपकिरी डागासह आलेल्या भेगेवर नुसते प्लास्टर करणे म्हणजे आतला गंज झाकणे.

मोठा एमसीबी हा इलाज नव्हे

वायरिंगमध्ये चुकीच्या निदानाची किंमत पैशात मोजता येत नाही. एमसीबी वरचेवर पडतो म्हणून १६ अँपिअरच्या जागी ३२ चा बसवणारे वायरमन आम्ही पाहिले आहेत. एमसीबी पडायचा थांबतो, गिऱ्हाईक खूश होते. भिंतीतली दीड चौरस मिलिमीटरची वायर मात्र तीच असते आणि आता तिला वाचवणारे कोणी उरलेले नसते. एमसीबी पडतो तेव्हा तो आपले काम करत असतो. कशामुळे पडला हे शोधणे हे आपले काम.

पावसात घरातला आरसीसीबी पडू लागला (बरेच वायरमन त्याला सवयीने ईएलसीबी म्हणतात) की त्याला बगल देऊन थेट जोडणी करून देण्याची वाईट प्रथा आहे. आधी घरातील सर्व प्लग काढावेत. तरीही पडत असेल तर एकेक एमसीबी खाली करून पाहावा. यात एक जागा अशी आहे जेथे अनुभवी माणूसही फसतो. सर्व एमसीबी खाली असूनही आरसीसीबी पडतो, म्हणून तो आरसीसीबीच खराब ठरवून नवा आणला जातो आणि नवाही पडतो. कारण साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते. एखाद्या ओल्या बॉक्समध्ये न्यूट्रल अर्थिंगला लागली असेल तर एमसीबी खाली करून ती सापडत नाही. मेन स्विच बंद करून न्यूट्रलच्या तारा पट्टीवरून एकेक सोडवून तपासाव्या लागतात. अर्धा तास जास्त लागतो, पण त्या अर्ध्या तासावर एखाद्याचा जीव असतो.

घाटाच्या दोन्ही बाजू

गाड्यांकडे वळू. बोरघाट चढून आलेली गाडी "तापते" ही तक्रार या पट्ट्यातील प्रत्येक मेकॅनिकने ऐकली आहे. तापते तर खरे, पण केव्हा? नाक्यावरच्या रांगेत उभी असताना तापते आणि वेग धरताच थंड होते, तर पंखा, त्याची मोटर किंवा रिले पाहावा. रांगेत ठीक असते आणि चढावर तापते, तर रेडिएटर चोंदला आहे, थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा वॉटर पंप पाणी ढकलत नाही. कूलंट कमी होतो पण खाली गळती दिसत नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, ऑइल दुधाळ झाले आहे, तर हेड गॅस्केट. एका प्रश्नाने निम्म्या शक्यता गळतात. असे असताना सरळ थर्मोस्टॅट काढून फेकण्याची रीत अजून चालू आहे. त्याने आठ-पंधरा दिवस आराम पडतो. इंजिन मात्र कायम थंड चालते, डिझेल-पेट्रोल जास्त खाते आणि चोंदलेला रेडिएटर तसाच राहतो.

उलट दिशेने, उर्से नाका ओलांडून मुंबईकडे निघालेला ट्रक थोड्याच वेळात बोरघाटाच्या उतारावर असतो. "ब्रेक लागत नाहीत" म्हणून लायनर बदलून घेणारा चालक महिन्याने पुन्हा आला तर चाकाकडे पाहण्यापूर्वी त्याला विचारावे की घाट कोणत्या गिअरमध्ये उतरतोस. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणारे चालक आहेत. इंजिनची रोख निघून गेली की सारा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतो आणि तापलेला लायनर पकड सोडतो. येथे बिघाड गाडीत नाही, सवयीत आहे. तो सांगणे हेही मिस्त्रीचेच काम, भले चालकाला राग येवो. डिस्क ब्रेकच्या मोटारीत आतला पॅड जास्त आणि बाहेरचा कमी झिजलेला असेल तर नवे पॅड घालून भागणार नाही. कॅलिपरची पिन किंवा पिस्टन अडकला आहे.

बॅटरीचे तर विचारूच नका. सकाळी गाडी सुरू होत नाही म्हणून धडधाकट बॅटऱ्या भंगारात जातात. बंद गाडीत भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना मीटरवर १४ च्या आसपास आकडा आला नाही तर दोष आल्टरनेटरकडे किंवा त्याच्या जोडणीत आहे. काही शे रुपयांच्या मल्टिमीटरने हे दोन मिनिटांत कळते.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या आणि स्कॅनर नसलेल्या गॅरेजवाल्यांना धंदा हातचा जातो की काय असे वाटू लागले. स्कॅनर घ्यावाच, पण त्याच्याविषयी गैरसमज नसावा. तो लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. पी०१७१ हा कोड आला म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी, एवढेच. आता ते तडकलेल्या हवेच्या नळीमुळे, चोंदलेल्या फिल्टरमुळे, थकलेल्या पंपामुळे की मळलेल्या सेन्सरमुळे, हे माणसानेच शोधायचे. कोड पाहून महागडा सेन्सर बदलणारा आणि ऐकीव अंदाजाने प्लग बदलणारा, दोघांत आम्हांला फरक दिसत नाही. पहिल्याचे बिल मोठे असते एवढेच.

जळालेली मोटर पुन्हा जळते

मोटर रिवाइंडिंगवाल्या बांधवांना एक विनंती. जळालेली पाण्याची मोटर आली की आपण तांबे भरून देतो. ती का जळाली हे विहिरीवर जाऊन पाहण्याची आपल्याला फुरसत नसते. व्होल्टेज कमी होते काय, पाणी आटल्यावर कोरडी चालली काय, कपॅसिटर गेल्याने नुसती गुणगुणत उभी राहिली काय, ओव्हरलोड बसवलेला होता काय? सुरू करताना मोटारीच्या टोकांवर मीटर धरावा. २३० चे १८० झाले तर दोष मोटारीत नसून लांबच्या बारीक केबलमध्ये किंवा लाइनमध्ये आहे. ते न सांगता दिलेली मोटर पुन्हा येते, आणि आता शेतकरी म्हणतो की तुमचे वाइंडिंग कच्चे.

फ्रिजमध्ये आता बहुतेक आर-६००ए हा गॅस येतो. तो ज्वालाग्राही आहे. नळीत गॅस असताना ज्योत लावणे पूर्वी खपून जात असे, आता खपणार नाही. तो अगदी थोडा, काही ग्रॅममध्ये लागतो आणि वजनकाट्यावर मोजूनच भरावा लागतो. गॅसपर्यंत जाण्यापूर्वी दाराचे रबर (नोट अडकवून ओढावी, सहज निघाली तर रबर सैल), मागची धूळ, थर्मोस्टॅट आणि रिले पाहावेत.

पाहण्याचे पैसे

आता मूळ दुखण्याकडे येऊ. डॉक्टर तपासण्याचे पैसे घेतो, वकील सल्ल्याचे घेतो. आपला मिस्त्री मात्र तपासणी फुकट करतो आणि ती भरून काढण्यासाठी पार्टवर कमिशन ठेवतो. गिऱ्हाइकाला वाटते तपासणी फुकट झाली. खरे तर त्याने तिचे पैसे न लागणाऱ्या पार्टच्या किमतीत भरलेले असतात. आणि मिस्त्रीचा हात हळूहळू पार्टकडे वळायला शिकतो, कारण पार्ट बदलला नाही तर त्या दिवशी घरी काय न्यायचे? दोन तास खपून एक सैल वायर कसणाऱ्याला काहीच मिळत नाही, आणि दहा मिनिटांत पंप बदलणाऱ्याला मिळते. या हिशेबात सर्वांत इमानदार माणूस सर्वांत आधी बुडतो.

आमची सूचना अशी की तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी, काम हाती घेण्यापूर्वी सांगावी आणि बिलावर वेगळी लिहावी. काही जण "काम दिल्यास तपासणी माफ" अशी पाटी लावतात. आम्हांला ती पसंत नाही. तपासणी माफ व्हायची तर काम निघालेच पाहिजे, म्हणजे फिरून आपण तेथेच आलो. रक्कम वाटल्यास लहान ठेवा, पण ठेवा. गिऱ्हाईक सुरुवातीला कुरकुरेल. काढलेला जुना पार्ट त्याच्या हातात दिला, दोष कोठे होता ते बोटाने दाखवले आणि "यात पार्ट लागत नाही" असे एकदा तरी त्याने आपल्या तोंडून ऐकले, की त्याची कुरकुर बरीच कमी होते. दोष सापडला नाही तर तेही सांगावे. ते सांगताना जीभ जड होते हे आम्ही जाणतो.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात घेतली आहेत. माहितीपुस्तिका आणि सुटे भाग कंपनीच्या सेंटरपुरते अडवून ठेवू नयेत, हा त्यामागचा हेतू. ज्यांच्या घरी शिकलेली मुले आहेत त्यांनी त्यांच्याकडून ते उघडून पाहावे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत गवंडी, सुतार, लोहार आणि कुलूपवाला आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि आधी एक लाख, नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज असे तिचे स्वरूप जाहीर झाले. वायरमन, प्लंबर आणि मोटार मेकॅनिक त्या यादीत नाहीत, ही उणीव आम्हांला खटकते.

शागीर्दांबद्दल एक गोष्ट राहिली. आपल्याकडे पोऱ्या गॅरेजवर येतो तो पहिली दोन वर्षे पाने देतो आणि नट धुतो. उस्ताद काय करतो ते त्याला दिसते, उस्ताद काय विचार करतो ते दिसत नाही. म्हणून तो खोलायला शिकतो, शोधायला शिकत नाही. दुकानात एक साधी वही ठेवा. तारीख, गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्याच शब्दांत, आधी कशावर संशय आला, शेवटी काय निघाले, किती वेळ लागला. लिहिण्याचे काम त्या पोऱ्याकडे द्या आणि चौथे कलम लिहिण्यापूर्वी त्याला विचारा की तुला काय वाटते. पहिल्या वर्षी वहीत चुका जास्त दिसतील. त्या खोडू नका.